खर्ऱ्याची सवय आणि पतंजलींचा मार्ग

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे विदर्भाला लागून असलेले मराठी वस्तीचे तालुके. २०२३ मध्ये या दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात, विदर्भाप्रमाणेच, खर्ऱ्याचे व्यसन रुजलेले आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले हे मिश्रण गालात धरले जाते. त्यामुळे तोंड उघडेनासे होते, कर्करोगही जडू शकतो, हे खाणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही हात पुडीकडे का वळतो?

योगदर्शनाच्या मते चित्तात उठणारी प्रत्येक वृत्ती मागे संस्कार ठेवते आणि तो संस्कार पुन्हा तशीच वृत्ती जागवतो. भोगलेल्या सुखाच्या ओढीला पतंजलींनी ‘राग’ म्हटले असून त्याची गणना पाच क्लेशांत केली आहे. जेवण झाले, कामातून उसंत मिळाली, की खर्रा आठवतो. पुडी उघडताच तळमळ शमते आणि संस्कार अधिक घट्ट होतो. म्हणूनच केवळ उपदेशाने व्यसन सुटत नाही.

यावर अभ्यास आणि वैराग्य असा दुहेरी उपाय योगसूत्रांत सांगितला आहे. अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केला तरच दृढ होतो. अनिष्ट विचार उठताच त्याच्या परिणामांचे चिंतन करणे, ही ‘प्रतिपक्षभावना’ होय. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ सावकाश श्वास सोडत ती केवळ पाहिली, तर चक्राचा एक फेरा चुकतो.

आठवडाभर सोडलेला खर्रा पुन्हा तोंडात गेला, की अनेक जण प्रयत्नच सोडून देतात. पतंजलींनी मात्र साधनेतील नऊ अंतरायांत ‘अनवस्थितत्व’, म्हणजे गाठलेली अवस्था न टिकणे, याचाही समावेश केला आहे. घसरण हा वाटेतला अडथळा आहे, वाटेचा शेवट नव्हे.

मात्र योग हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू अचानक बंद केल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख हवीच. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. उपचारांनी शरीर सावरते. जुन्या संस्काराच्या जागी नवा संस्कार रुजवण्याचे काम रोजच्या अभ्यासाचे.