थोडा वेळ, मोठा आवाज

तेर, तुळजापूर, नळदुर्ग ही नावं रॉक संगीताच्या गप्पांत सहसा निघत नाहीत. पण ‘हाताशी वेळ थोडाच आहे, मग त्याचं करायचं काय?’ हा प्रश्न गिटारवाल्यांना पडला, तसाच संबळवाल्यांनाही पडला. त्यांची उत्तरं एकाहून एक आहेत. पटापट वाचून काढा, नाहीतरी वेळ कुणाला आहे!

पाचगणीचा पोरगा
‘द शो मस्ट गो ऑन’ हे क्वीन बँडचं गाणं. आयुष्य हातातून निसटत असलं तरी खेळ थांबवायचा नाही, असं ते बजावून सांगतं. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा. पारशी घरातला, ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये जन्मलेला. शाळा मात्र आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. आठव्या वर्षी तो तिथल्या वसतिगृहात आला आणि बाराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून मोकळा झाला. गंमत म्हणजे त्या बँडचा मुख्य गायक तो नव्हताच. तो बसायचा पियानोवर! त्या टोळक्यातला एकजण पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, तर दुसऱ्याने पुणेकरांना सिझलरची चटक लावली.

आधी घोट, मग सूर
‘शो मस्ट गो ऑन’ प्रामुख्याने लिहिलं गिटारवादक ब्रायन मे याने. रेकॉर्डिंगच्या वेळी, १९९० साली, फ्रेडीला एड्सने इतकं पोखरलं होतं की धड चालणंही जड जात होतं. गाण्याच्या पट्ट्या तर चढ्या. याला हे झेपेल का, अशी धाकधूक ब्रायनला होती. पुढचा किस्सा मे स्वतः सांगतो. फ्रेडीने व्होडकाचा घोट घशाखाली ढकलला, जमवूनच दाखवतो म्हणाला आणि गाणं अक्षरशः फाडून ठेवलं. आजही ते ऐकताना हा आवाज आजारी माणसाचा आहे, हे सांगूनही पटत नाही.

सहा आठवड्यांचा हिशेब
हे गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं १४ ऑक्टोबर १९९१ रोजी. आपल्याला एड्स असल्याचं फ्रेडीने जाहीर केलं २३ नोव्हेंबरला. आणि २४ नोव्हेंबरला तो गेला. वय पंचेचाळीस. हे गाणं त्याला मंचावर एकदाही गाता आलं नाही. एप्रिल १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली, तेव्हा ते गायला एल्टन जॉन उभा राहिला.

एकवीस मिनिटांत मैदान मारलं
त्याच वेम्बलीवर १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’ झाला होता. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी जमलेले दिग्गज कलावंत आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम वीसेक मिनिटं. क्वीनने आधी कसून तालीम केली आणि एकवीस मिनिटांत सहा गाणी बसवली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पूर्ण वाजवत बसले नाहीत, तिचा तुकडाच घेतला. बाकीच्यांनी नवी गाणी ऐकवली तर ऐकवली, यांनी लोकांच्या तोंडात बसलेलीच काढली. रॉकच्या इतिहासातला सर्वोत्तम कार्यक्रम कोणता, या वादात पहिलं नाव आजही याचंच निघतं.

छत्तीस वर्षांचा गृहपाठ
थोडा वेळ म्हणजे घाई, असं समजू नका. ब्रायन मे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात खगोलशास्त्राची पीएचडी करत होता. विषय होता सूर्यमालेत पसरलेली धूळ. मध्येच क्वीन गाजायला लागलं आणि प्रबंध पडला कपाटात. तो त्याने २००७ साली, साठीला पोचल्यावर पूर्ण केला. मार्गदर्शकाला सबबी सांगून थकलेल्यांनी ही चौकट कापून ठेवायला हरकत नाही.

गोरोबाकाकांचं थापटणं
आता तेरला या. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथातलं तगर, रोमशी व्यापार करणारी पेठ. इथेच संत गोरा कुंभार चाकावर मडकी घडवत आणि अभंग रचत. एकदा संतमेळा जमला असताना मुक्ताबाईने त्यांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी, असं विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते पारखायला, असं उत्तर आलं. मग आमचीही पारख करा की! काकांनी ओळीने सगळ्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल लागला: हे मडकं कच्चं! नामदेव तिथून थेट गुरू शोधायला निघाले आणि विसोबा खेचरांपाशी पोचले. देह फुटणारच आहे, तो फुटायच्या आत भाजून पक्का करा, हा धडा इतक्या थेटपणे दुसऱ्या कुणी दिला नसेल. तोही डोक्यावर वाजवून.

घड्याळजींच्या दुकानातून
पिंक फ्लॉइडचं ‘टाइम’ (१९७३) सुरू होतं ते एकदम ठणाणणाऱ्या घड्याळांनी. अर्धवट झोपेत ऐकाल तर दचकाल. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने हे आवाज जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपले होते आणि तेही वेगळ्याच कामासाठी. बँडने ते उचलले. शब्द लिहिणारा रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीच्याही आत होता. आपण आयुष्याची तयारी करतोय असं समजत राहिलो, पण ते तर कधीच सुरू झालंय, हा त्याला बसलेला धक्का म्हणजे हे गाणं. वेळ वाया जाण्यावरचं हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे, तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९८८ पर्यंत अमेरिकेच्या गाजत्या अल्बमांच्या यादीत एकूण ७४१ आठवडे मुक्काम ठोकून होता.

तीन मिनिटांची कैद
रॉकवाल्यांच्याही आधी वेळेची कात्री लागली ती आपल्या गवयांना. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानने ग्रामोफोनसाठी गायलं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्ररात्र रंगणारा राग त्यात कोंबायचा! शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं, तेही त्याच तीन मिनिटांतून. बालगंधर्व तर नाटकात ‘वन्स मोअर’वर एकेक पद फुलवत न्यायचे, पण तबकडीपुढे तेही काट्यावरच.

नळदुर्गचा गाणारा सुलतान
नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. समोर पाण्याचा पडदा, आत तुम्ही कोरडे. तो १६१३ चा, म्हणजे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यातला. हा सुलतान स्वतः गीतकार होता. त्याच्या दख्खनी भाषेतल्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये चक्क सरस्वतीची स्तुती आहे आणि लाडक्या तंबोऱ्याचं नाव त्याने ठेवलं होतं मोतीखान. बंधाऱ्यावरचे नर-मादी धबधबे मात्र वेळेचे पक्के. पावसाळ्यात बोरी भरली तरच हजेरी लावतात, एरवी नाही. बघायचे तर तेव्हाच निघा.

देवीचीही रजा
तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा सिंहासन सोडून पलंगावर निजते. नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. दसऱ्याचा पलंग येतो तो अहिल्यानगरकडून. महिषासुराशी झुंजायचं तर आधी विश्रांती आणि झुंजून झाल्यावरही विश्रांती, असा हा चोख बंदोबस्त. रविवारीही ऑफिसचे मेसेज बघणाऱ्यांनी इथे हात जोडावेत. तिच्या गोंधळालाही मुदत असते. संबळ-तुणतुण्यावर गावोगावच्या दैवतांना नावं घेऊन बोलवायचं, आख्यान रंगवायचं आणि उजाडायच्या आत आरती गाठायची. एका रात्रीत एवढं बसवणाऱ्या गोंधळ्यांना वेम्बलीची एकवीस मिनिटं जड गेली नसती.

खरोखर वेळ देणारं गाणं
एखाद्याचं हृदय अचानक थांबलं, तर १०८ ला फोन लावून मदत येईपर्यंत त्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. हा वेग चुकू नये म्हणून प्रशिक्षणात बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९७७) मनात गुणगुणायला सांगतात. त्या गाण्याचा ढोलही थोडक्यात भागवलेला आहे बरं का! ढोलकीवाला नव्हता, म्हणून ‘नाइट फीव्हर’ या गाण्यातला तुकडा घेऊन तोच पुन्हापुन्हा फिरवला. क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चा (१९८०) ठेकाही याच वेगाचा आहे. फक्त त्या गाण्यात माणसं एकामागून एक आडवी होतात, तेव्हा ते मनातच म्हणा. रुग्णाचे नातेवाईक शेजारीच उभे असतात.