जुन्या मारुतीचा हँडब्रेक : आधी शू, मग वायर



१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. तरी ही छोटी गाडी आपल्यापैकी काहींच्या दारात अजून उभी आहे. इंजिनाकडे आपण लक्ष देतो. हँडब्रेककडे कुणी बघत नाही, कारण तो बिघडला तरी गाडी पळतेच. बिघाड कळतो तो गाडी उतारावर उभी केल्यावर. त्या वेळी पुढे बैल असेल, ऊस तोडणारा मजूर असेल, नाहीतर खेळणारे पोर!

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने लागतो, हँडब्रेक मात्र वायरने. म्हणून तेल गळून गेले तरी हँडब्रेक हाताशी उरतो. दांडी ओढली की खटका दात्यात अडकतो, वायर ताणली जाते आणि मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममधले शू बाहेर दाबले जातात.

दांडी फार वर येऊ लागली की आपला हात आधी वायर आवळायला जातो. हे बरोबर नाही. शू झिजलेले असताना वायर आवळली तर दांडी चार दिवस घट्ट वाटते, झीज मात्र तशीच राहते. म्हणून आधी शू बघावेत, मग वायर.

काम सपाट जागी करावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी. दगड लावू नये, तो सरकतो. नागपूरला जाणे झाले तर लकडगंजच्या लाकूडबाजारात पाचरीजोगा पक्का तुकडा सहज मिळेल. तो डिकीत कायमचा ठेवावा. मग हँडब्रेक सोडून मागची बाजू जॅकने उचलावी व खाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. लायनिंग झिजले किंवा तेलकट झाले असेल तर दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. तेल कुठून येते तेही शोधा, नाहीतर नवे शूही वाया जातील.

वायर जुनीशी मापून घ्यावी. जुनीच्याच वाटेने, त्याच क्लिपांतून न्यावी. ती सायलेन्सरला टेकू नये, कुठे मुरडू नये. स्प्लिट पिन नवीच घालावी. ड्रम बसवून पायाचा ब्रेक बरेचदा दाबावा, म्हणजे शू जागेवर येतात. त्यानंतरच वायरचा नट आवळावा. किती खटक्यांवर ब्रेक लागावा हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. दांडी सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत. घासत असतील तर वायर जास्त आवळली गेली. ड्रम तापून लायनिंग जळेल.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वायरच्या वेष्टणात शिरतो आणि वायर गंजून अडकते. वेष्टण फाटले की वायर बदललेली बरी. गाडी धुऊन बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर ओढलेल्या हँडब्रेकने शू ड्रमला चिकटतात. अशा वेळी सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून पाचर लावावी व हँडब्रेक मोकळा सोडावा.

एरवी गाडी उभी करताना हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावावेत. चढाकडे तोंड असल्यास पहिला गिअर, उताराकडे असल्यास रिव्हर्स. या गाडीत गिअर पुढची चाके धरतो, हँडब्रेक मागची. चारही चाके धरली गेली की मगच दार लावून निघावे. हातात वेळ नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण गळीत हंगामाची धावपळ सुरू होण्याआधी जरूर करून घ्या.