बारा चंबूंचं विरजण

रात्री दूध विरजताना आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचा कोमट दुधात जातो आणि जिवाणूंचा वंश पुढे चालू राहतो. रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी जवळपास असंच विरजण लावलं. इ. कोलाय जिवाणूचे जवळजवळ तंतोतंत सारखे वंश त्यांनी बारा चंबूंत सोडले. प्रत्येक चंबूत १० मिलिलिटर द्रावण आणि त्यात अगदी बेताचं ग्लुकोज. रोज त्यातला शंभरावा भाग ताज्या द्रावणात घालायचा, ३७ अंशांच्या उबेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शंभरपट वाढ व्हायला साडेसहाहून थोड्या अधिक पिढ्या लागतात. कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा प्रयोग मिशिगन स्टेट विद्यापीठात तीसेक वर्षं चालला आणि आता त्याने ७५ हजार पिढ्या ओलांडल्या आहेत. इतकी वर्षं तेच ते करून काय मिळतं, असं कुणालाही वाटेल. माझ्या मते उत्क्रांतीत योगायोग किती आणि अटळ किती, हा प्रश्न अशा चिवट पुनरावृत्तीशिवाय सुटण्यासारखा नाही.

याचं कारण चंबूंपेक्षा फ्रीझरमध्ये आहे. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे साधारण ७५ दिवसांनी, प्रत्येक चंबूतला नमुना गोठवला जातो. गोठलेले जिवाणू मरत नाहीत, त्यांना पुन्हा जागं करता येतं. म्हणून इथे पूर्वज आणि वंशज यांची झुंज समोरासमोर लावता येते. दोघांना एकाच चंबूत, एकाच ग्लुकोजवर सोडायचं आणि नंतर ताटलीवर पसरून त्यांच्या वसाहती मोजायच्या. रंगखुणेमुळे एकाच्या वसाहती लाल उठतात, दुसऱ्याच्या पांढऱ्या. कोण किती वाढलं ते डोळ्यांना दिसतं. जीवाश्म अभ्यासणाऱ्याला ही सोय कधीच मिळणार नाही. या मोजणीतून कळलं की बाराही वंश पूर्वजांपेक्षा वेगाने वाढू लागले आणि त्यांच्या पेशीही मोठ्या झाल्या. सुधारणेचा वेग मंदावला, पण ५० हजार पिढ्यांनंतरही ती थांबल्याची खूण नव्हती, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. इथवर पाहिलं तर अटळतेचं पारडं जड वाटतं.

मग २००३ मध्ये एक चंबू नेहमीपेक्षा कितीतरी गढूळ झाला. बाहेरचा जिवाणू शिरला असावा, अशी पहिली शंका होती, आणि ती रास्तच होती. पण तपासात जिवाणू घरचेच निघाले. द्रावणात पहिल्या दिवसापासून सायट्रेट होतं. ऑक्सिजन असताना इ. कोलाय ते खाऊ शकत नाही, ही त्याची ओळखीची खूणच मानली जाते. या एका वंशाने सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर ते खायला सुरुवात केली होती. आता फ्रीझर कामी आला. झॅकरी ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी त्या वंशाचे जुने नमुने जागे करून इतिहास पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. ही क्षमता पुन्हा उगवली ती साधारण २० हजार पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून, त्याआधीच्या नमुन्यांतून नाही. म्हणजे आधी काहीतरी पूर्वतयारी घडून गेली होती. पुढे जनुकसंच वाचल्यावर शेवटची पायरीही उलगडली. सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची प्रत तयार होताना ती अशा कळीशेजारी जाऊन बसली, जी ऑक्सिजन असतानाही चालू राहते.

यावर एक तगडा आक्षेप आला. आयडाहो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जिवाणूंना सायट्रेटवरच तगून राहायला भाग पाडलं, तर हीच क्षमता शंभर पिढ्यांच्या आतही येते. मग यात दुर्मीळ ते काय? आक्षेपातला पुरावा खरा आहे आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरला पाहिजे, हे मान्य करायलाच हवं. पण लेन्स्कींच्या चंबूत ग्लुकोज रोज नव्याने मिळतं, तिथे उपासमारीचा तो लांबलचक दाब नाही. त्या परिस्थितीत बारांपैकी एकालाच आणि तेही इतक्या उशिरा हे का साधलं, हा प्रश्न तसाच उरतो. उलट दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की परिस्थिती बदलताच योगायोगाचा वाटाही बदलतो, हे नीट दिसतं. चंबू म्हणजे निसर्ग नव्हे, हा दुसरा आक्षेपही बरोबर आहे. पण रानात पाऊस, भक्षक, रोग सगळंच एकदम बदलतं. बाकी सगळं स्थिर ठेवलं म्हणून तर उरलेला फरक योगायोगाच्या खाती टाकता येतो.

खर्चाचा मुद्दा राहतो. संशोधनाचा निधी बहुधा ठरावीक वर्षांपुरता मिळतो आणि तेवढ्या मुदतीत निष्कर्ष मागतो. या प्रयोगाला पंधराव्या वर्षी टाळं लागलं असतं, तर सायट्रेटचा अर्थ लावणारं काम झालंच नसतं. इतकं लांबचं काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संपू नये, याची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यायला हवी, आणि इथे तसं घडलं. कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, बाराही वंश गोठवून ठेवले गेले. नंतर ते पुन्हा जागे झाले आणि २०२२ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जेफ्री बॅरिक यांच्या प्रयोगशाळेत गेले. पूर्वी लेन्स्कींच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या बॅरिक यांच्या देखरेखीखाली तिथे पुन्हा रोज शंभरावा भाग ताज्या द्रावणात जाऊ लागला.