वाट नसलेलं पाणी

जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि त्यावर लिहिणाऱ्यांची रीघ लागली. संपादकांनाही तेच हवं होतं: उल्का, गुलाबी पाणी, दैत्यसूदनाचं मंदिर. मला कुतूहल होतं ते गावातल्या नाल्यांचं. विवराच्या काठालाच वीस हजारांवर वस्ती. मग तिचं सांडपाणी जातं कुठे?

इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. बेसाल्टमधलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद, नोव्हेंबर 2020 मध्ये रामसर यादीत समावेश. हे मानसन्मान होत असताना गावचं सांडपाणी नाल्यांवाटे विवरात उतरत आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा विषय पुन्हा पुन्हा निघाला.

नदीकाठचं शहर आपली घाण पुढच्या गावाच्या माथी मारून मोकळं होतं. लोणारच्या खाली गावच नाही. सरोवरात पाऊस येतो, ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे झरे येतात. बाहेर पडणारा प्रवाह एकही नाही. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो आणि हळद माखलेला हात त्यात बुडवला की लाल होतो. त्या खारटपणातच जगणारे सूक्ष्मजीव ही लोणारची खरी संपत्ती.

आता हिशेब मांडू. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी, हे सरकारी गणित. वीस हजार माणसांमागे रोजचे जवळपास 22 लाख लिटर झाले.

ते साफ करायची नेहमीची रीत अशी. जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडतं, मग रेती खाली बसते. खरं काम पुढच्या टाकीत, जिवाणूंचं. ब्लोअर तळातून हवा सोडतो, जिवाणू घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन बसतात. मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती ऑपरेटरची चाचणी. तो टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या मोजपात्रात घेतो आणि अर्धा तास नुसतं ठेवून देतो. तपकिरी गाळ एकसंध खाली सरकला, वर नितळ पाणी राहिलं, की टाकी खुशाल. गाळ तरंगला, काळा पडला, कुजका वास आला, तर जिवाणू गुदमरलेत. महागडी यंत्रं नंतर. आधी हे भांडं बोलतं.

जिवाणू गुदमरायला फार काही लागत नाही. वीज काही तास गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की झालं. प्रक्रिया केंद्र बांधायला निधी मिळतो, उद्घाटनाला पुढारी मिळतात. वीजबिल, गाळ उपसणं आणि ऑपरेटरचा पगार मात्र नगर परिषदेच्या तुटपुंज्या तिजोरीतून. शिवाय घराघरातली नाली केंद्राला जोडलेली नसेल, तर यंत्र चालू असूनही घाण जुन्याच उताराने खाली जाते.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. केंद्र उत्तम चाललं तरी साध्या प्रक्रियेत साबणातलं, मलमूत्रातलं फॉस्फरस बरंचसं पाण्यात उरतं. वाहत्या नदीत ते पुढे जातं. इथे साठतच राहील आणि शेवाळाला खत होईल. आणि अगदी निर्मळ करून सोडलं तरी ते गोडं पाणी. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत चढल्याच्या बातम्या आल्या आहेत. वरून गोडं पाणी ओतत राहिलं तर खारटपणा पातळ होणार, आणि त्यावर जगणाऱ्यांचा अधिवासही.

म्हणून लोणारपुरता नियम वेगळा हवा: प्रक्रिया केलेला थेंबही विवरात जाऊ नये. ते पाणी पंपाने काठाबाहेर न्यावं, कपाशी-सोयाबीनच्या शेतांना द्यावं. रामसरचा मान मिरवताना राज्य आणि केंद्र सरकार दोघंही पुढे होते. त्या पंपाचं वीजबिल एकट्या नगर परिषदेच्या गळ्यात घालू नये.