चिठ्ठी जुनी, गोळी रोजची

ऑगस्ट 2023 च्या अखेरीस श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहत आली. पोलिसांनी किनारे पिंजून काढले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ज्या घरात कांदा-लसूणही येत नाही, त्या घराला अशा बातमीने धसका बसण्याचे कारण नाही. परंतु सवय लावणारा पदार्थ समुद्रमार्गेच येतो असे नाही. तो औषधाच्या दुकानातून कागदी पिशवीत येतो आणि फडताळात रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी मुकाट्याने जागा धरून बसतो.

झोपेच्या गोळीचा आरंभ बहुधा रास्त कारणानेच होतो. घरात मृत्यू घडतो, वसुली अडकते, भागीदारी मोडते आणि झोप उडते. मुंबईचे डॉक्टर दहा-पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलामची लहानशी गोळी लिहून देतात. पुन्हा दाखवायला या, असेही सांगतात. पण रेवदंड्याहून वा मुरूडहून मुंबई गाठायची म्हणजे दुकानाचा एक दिवस गेला. पावसाळ्यात तर गेटवे-मांडवा लाँचही बंद असते. मग तीच चिठ्ठी घड्या फाटेपर्यंत चालते. पुढे चिठ्ठीही लागत नाही. रिकामी स्ट्रिप दाखवली तरी पुरते.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 1 कोटी 18 लाख लोक झोपेची वा गुंगीची औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेतात. अशा व्यक्तींची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे आणि गुजरातही आहे.

श्रावकाने त्यागावयाच्या सप्तव्यसनांत जुगार आहे, मद्य आहे, चोरी आहे. औषध नाही, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. पण त्यामुळे घडते असे की, निर्व्यसनी म्हणवणाऱ्या घरात ही सवय कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सासूबाईंची गोळी सून स्वतः आणून देते. तीच गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री नातवालाही ‘अर्धीच’ म्हणून दिली जाते. हे प्रेमापोटी होते, एवढेच त्याचे समर्थन.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही एकाच कुळातील औषधे. मेंदूला शांत करणारी जी नैसर्गिक व्यवस्था आहे, तिचा जोर ती वाढवतात. काही आठवड्यांतच मेंदू या बाहेरच्या मदतीला सरावतो आणि आपला हात आखडता घेतो. मग अर्धीची एक आणि एकीच्या दोन होतात. गोळी चुकली की मूळची अस्वस्थता दुपटीने परतते. रुग्णाला वाटते, आजार उसळला. प्रत्यक्षात ती गोळीची मागणी असते. वृद्धांच्या बाबतीत तोल जाणे, न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे, विस्मरण वाढणे हे धोके आणखी निराळे. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीनचे औषध त्याच रात्री घेतले, तर श्वास मंदावून जिवावरही बेतू शकते.

या भागात औषधाच्या दुकानाच्या गल्ल्यामागे बसणारी कुटुंबेही वाचकांमध्ये असतील. त्यांची अडचण वेगळी आहे. समोरचा माणूस वडिलांच्या वेळेपासूनचा गिऱ्हाईक. ‘काका, चिठ्ठी आणा’ असे त्याला कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिवाय नाही म्हटले तर तो चार दुकाने पुढे जाणार. तरीही नियम स्पष्ट आहे. 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल आदी औषधे ‘एच-1’ अनुसूचीत आहेत. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती देता येत नाहीत. डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली मात्रा यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आले आहे. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. औषध म्हणजे विष नव्हे हे खरे. पण चिठ्ठीविना महिनोन्‌महिने विकलेल्या गोळीला औषध तरी कसे म्हणावे?

सवय ध्यानात आली की घरचे लोक हमखास एक चूक करतात: डबी उचलून फेकून देतात. या औषधांच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी थांबवली तर घाम, थरथर, धडधड, भीती आणि प्रसंगी फेफऱ्यासारखे झटके येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडी-थोडी उतरवावी लागते. त्यास आठवडे, कधी महिने लागतात. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी गर्दच्या व्यसनाविरुद्ध ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा निराळा विभाग आहे. बाहेर वाच्यता होईल या भयाने ज्या घरांत हा विषय दडपला जातो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनःस्वास्थ्यासाठी टेलि-मानसचा 14416 हे क्रमांक निःशुल्क आहेत.

जैन घरांत हा धोका एका विशेष वेळी उभा राहतो, तो पर्युषणात. वर्षभर रात्री गोळी घेणारी व्यक्ती अठ्ठाईचे पच्चक्खाण घेते. दिवसा केवळ उकळलेले पाणी, सूर्यास्तानंतर तेही नाही. अर्थात गोळीही बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापू लागतात, झोप पार उडते. घरचे म्हणतात, पित्त झाले, अशक्तपणा आला, तपात असे व्हायचेच. ते तपाचे लक्षण नसून एकाएकी तुटलेल्या औषधाचे असू शकते, ही शंका कोणाला येत नाही, कारण गोळीची गोष्ट ना गुरुमहाराजांना सांगितलेली असते, ना शेजारी बसून शाता विचारणाऱ्यांना. वास्तविक समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची सवलत पच्चक्खाणाच्या आगारांतच ठेवलेली आहे.

भाद्रपदात अठ्ठाई करण्याची भावना असेल आणि रात्रीची गोळी जुनी असेल, तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ अक्षय्य तृतीयेच्या सुमारास येते. तेव्हा मात्रा उतरवायला चार महिने हाती असतात आणि मांडव्याची लाँचही चालू असते.