अक्कलदाढ म्हणजे चौथी सीट!

सबमिशन तोंडावर आलंय, व्हायवाची तारीख लागलीये आणि नेमकी तेव्हाच जबड्याच्या टोकाला कळ येते. तोंड उघडेना, वडापाव चावता येईना. घरचे लवंग धरायला सांगतात, मित्र 'आली एकदाची अक्कल!' म्हणून हसतात. मेडिकलमधली पेनकिलर घेतली की दोन दिवसांत दुखणं थांबतं आणि आपण विषय संपवतो. खरी गडबड इथेच होते.

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात, म्हणजे ऐन कॉलेजात. तोवर बाकीच्या २८ दातांनी जागा धरलेली असते. मग ही दाढ लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखी कशीबशी टेकते. कधी आडवी वाढते, कधी अर्धीच बाहेर येते. अर्धवट दाढेवर हिरडीची झडप राहते. तिच्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोहोचत नाही आणि इन्फेक्शन होतं. गोळीने दुखणं दबतं, पण झडप तिथेच असते. म्हणून तेच दुखणं परत येतं. शेजारची चांगली दाढही किडू शकते.

मग सरसकट काढायचीच का? नाही. सरळ आलेली, न दुखणारी, नीट घासता येणारी दाढ राहू शकते. ते ठरवायला डेंटिस्ट तपासणी करतात, गरज वाटल्यास ओपीजी हा एक्स-रे काढतात. त्यात अख्खा जबडा दिसतो.

काढताना जागा बधिर करतात. दाब जाणवतो, पण कळ जाणवू नये. जाणवली तर लगेच सांगा. आडवी दाढ असेल तर हिरडीला छेद आणि नंतर टाके. पुढचे दोन-तीन दिवस सूज राहते. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. स्ट्रॉ, सिगारेट किंवा जोरात चूळ भरल्याने ती निघाली, तर 'ड्राय सॉकेट' होऊन कळ पार कानापर्यंत जाते. त्यामुळे मऊ खिचडी, दही खा. कोमट मीठ-पाण्याच्या हलक्या गुळण्या २४ तासांनंतरच.

खर्चामुळे टाळत असाल, तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैसे लागतात.

ताप, गिळायला त्रास किंवा मानेकडे उतरणारी सूज दिसली, तर मात्र पेपर संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.