विश्लेषण : कंपनी लंडनला पाठवतेय, पण व्हिसा कोणता? ‘प्रतिनिधी’ म्हणून जाणाऱ्यांसाठी काय बदलले?

‘कंपनी लंडनला ऑफिस उघडतेय, मला पाठवतायत. पाच वर्षांत पीआर मिळतं ना?’ इंजिनीअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी हा प्रश्न पडला. खाली अभिनंदनाचे मेसेज धडाधड आले, प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही. उत्तर असे : एप्रिल २०२२ पर्यंत अर्ज केलेल्यांना ती वाट खुली होती. आता कंपनीचा पहिला माणूस म्हणून जाणाऱ्याला ती सरळ मिळत नाही.

आधी काय होते?

परदेशी कंपनीचे ब्रिटनमध्ये ऑफिस नाही, कर्मचारी नाही, पण पाय रोवायचे आहेत, अशा वेळी ती आपला एक वरिष्ठ कर्मचारी तिकडे पाठवू शकत असे. ‘रिप्रेझेंटेटिव्ह ऑफ ॲन ओव्हरसीज बिझनेस’ असे या व्हिसाचे लांबलचक नाव. बोलताना ‘सोल रेप’. पहिला व्हिसा ३ वर्षांचा, मुदतवाढ २ वर्षांची आणि ५ वर्षे भरली की कायम वास्तव्याचा अर्ज. कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी त्या माणसाकडे नसावी आणि मुख्यालय मायदेशीच राहावे, या प्रमुख अटी. स्पॉन्सर परवाना लागत नसे. (परदेशी वृत्तपत्रे आणि वाहिन्यांचे प्रतिनिधीही याच नियमांखाली जात, हे आमच्या धंद्यापुरते.)

११ एप्रिल २०२२ रोजी ‘सोल रेप’चा मार्ग नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. जे आधीच त्या व्हिसावर आहेत, त्यांना मुदतवाढ आणि कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. ३ आणि २ ची बेरीज केली तर शेवटच्या तुकडीची ५ वर्षे साधारण २०२७ मध्ये भरतात. आज ‘माझा मामेभाऊ असाच गेला आणि तिकडेच स्थायिक झाला’ असे कोणी सांगत असेल, तर मामेभाऊ कधी गेला ते आधी विचारा.

आता कोणता व्हिसा?

त्याच दिवशी ‘ग्लोबल बिझनेस मोबिलिटी’ हा गट सुरू झाला. त्यातला ‘यूके एक्स्पान्शन वर्कर’ हा सोल रेपच्या जागी आलेला व्हिसा. आधी १ वर्षाचा मिळतो, वाढवून फार तर २ वर्षे. त्यावर कायम वास्तव्य नाही.

आता स्पॉन्सर लागतो. पण ब्रिटनमध्ये कंपनीचा व्यवहारच सुरू नाही, तर स्पॉन्सर कोण? सॉफ्टवेअरवाले याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतील. त्यावर काढलेला तोडगा असा : कंपनी ब्रिटनमध्ये नोंदणी किंवा जागेचा पुरावा दाखवते आणि जाणाऱ्या माणसालाच ‘ऑथोरायझिंग ऑफिसर’ नेमून परवाना मागते. परवाना तात्पुरत्या दर्जाचा मिळतो, त्यावर फक्त तोच एक जाऊ शकतो. तो तिथे पोहोचला की दर्जा वाढवून घेता येतो आणि या मार्गावर ५ जणांपर्यंत माणसे नेता येतात. म्हणजे तुमच्या व्हिसाची कागदपत्रे सांभाळणारा अधिकारीही तुम्हीच. चूक झाली तर परवाना कंपनीचा जातो, पण परतीचे तिकीट तुमचे निघते.

जाणाऱ्याने कंपनीत साधारणपणे किमान १२ महिने काम केलेले असावे लागते. वार्षिक पगार ७३,९०० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर ही अट नाही. २२ जुलै २०२५ पासून किमान पगार ५२,५०० पौंड आहे, रुपयांत साठ लाखांहून अधिक. त्या पदाचा ठरलेला दर जास्त असेल तर तो द्यावा लागतो. गंमत म्हणजे त्याच तारखेला ‘स्किल्ड वर्कर’ची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड झाली. जास्त पगार मागणारा व्हिसा दोन वर्षांत संपतो आणि कमी पगाराचा कायम वास्तव्यापर्यंत नेतो!

दोन वर्षांनंतर काय?

ब्रिटनमधली शाखा चालू लागली की कंपनी स्किल्ड वर्करचा परवाना मागू शकते आणि तुम्हाला देश न सोडता त्या व्हिसावर घेऊ शकते. पण कायम वास्तव्यासाठीची मोजणी तिथून, शून्यापासून सुरू होते. आधीची दोन वर्षे धरली जात नाहीत. एक्स्पान्शन वर्करला इंग्रजीची परीक्षा नाही. स्किल्ड वर्करसाठी मात्र ८ जानेवारी २०२६ पासून बी-२ पातळी लागते. शिवाय मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याचा काळ ५ वरून १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला.

त्यामुळे एचआरला विचारायचा प्रश्न पगाराचा नाही. ‘शाखा सुरू झाल्यावर मला स्किल्ड वर्करवर घेणार का आणि हे पत्रात लिहून देणार का?’ हा आहे.

घरचे आणि कामाचे गणित

जोडीदार आणि मुले सोबत जाऊ शकतात, जोडीदाराला नोकरीही करता येते. मात्र आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो : प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालील मुलाला ७७६. तिघांच्या कुटुंबाचे एका वर्षाचे २,८४६ पौंड. व्हिसा शुल्क वेगळे. हे पैसे कंपनी भरणार की तुम्ही, हेही आधीच ठरवून घ्यावे.

काम ‘बिझनेस डेव्हलपमेंट’चे असते असे पदनाम सांगते. प्रत्यक्षात सुरुवातीचे महिने बँक खाते, ऑफिसचा पत्ता, पहिल्या कर्मचाऱ्याची भरती आणि करखात्यातल्या नोंदणीत जातात. पुण्यात सकाळी १० ची मीटिंग म्हणजे हिवाळ्यात लंडनमध्ये पहाटेचे ४.३०, उन्हाळ्यात ५.३०. आणि उत्साहाच्या भरात करारांवर सह्या करत सुटू नका. भारत-ब्रिटन दुहेरी करआकारणी करारानुसार कंपनीच्या नावाने नेहमी करार करणारा माणूस तिथे असला, तर कंपनीचे ब्रिटनमध्ये ‘कायम आस्थापन’ मानले जाऊ शकते आणि नफ्यावर तिथे कर लागू शकतो. सहीचे अधिकार किती, हे जाण्याआधी सीएला विचारून घ्यावे.

बॅचमेटच्या पत्रात ‘प्रारंभी १ वर्ष’ एवढेच लिहिले होते. त्याने एचआरला मेल टाकला आहे, उत्तर आलेले नाही. मुलीच्या इथल्या शाळेची पुढच्या वर्षाची फी भरायची मुदत महिनाअखेर संपते.